पाणी बिघडल्याचा पुरावा कोणी द्यायचा?

1 जानेवारी 2009 रोजी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील डिमॉक या खेड्यात एका घराच्या विंधण विहिरीचा स्फोट झाला आणि तिच्यावरचे काँक्रीटचे जाड झाकण फुटले. विहिरीत मिथेन वायू साठला होता. त्या परिसरात कॅबट ऑइल अँड गॅस ही कंपनी ‘फ्रॅकिंग’ करून मार्सेलस शेल या खडकातला वायू काढत होती. त्याच वर्षी राज्याच्या पर्यावरण खात्याने गावातल्या अनेक विहिरींत वायू शिरल्याचे नोंदवून कंपनीला जबाबदार धरले. कंपनी मात्र नाकारत राहिली. अखेर नोव्हेंबर 2022 मध्ये तिच्या वारसदार कंपनीने न्यायालयात आरोपाला विरोध केला नाही आणि नळयोजनेसाठी सुमारे 1 कोटी 63 लाख डॉलर देण्याचे मान्य केले. स्फोटापासून तोवर जवळपास 14 वर्षे गेली होती. एवढा काळ का लागावा? माझ्या मते पुराव्याचे ओझे चुकीच्या खांद्यावर होते, हेच त्याचे मुख्य कारण.

फ्रॅकिंगमध्ये दीड-दोन किलोमीटर खोलीवरचा खडक पाणी, वाळू आणि रसायने प्रचंड दाबाने सोडून फोडतात. एका विहिरीला दीड कोटी लिटर किंवा त्याहूनही जास्त पाणी लागते. इतक्या खोलवरच्या भेगा पिण्याच्या पाण्यापर्यंत पोहोचत नाहीत, असे उद्योग सांगतो आणि बहुतेक ठिकाणी ते खरेही आहे. पण खाली जाणारे भोक भूजलाच्या थरातूनच जाते. तिथे पोलादी नळाभोवतीचे सिमेंट नीट बसले नाही, तर वायूला वर यायला वाट मिळते. ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवले, की वायूविहिरींपासून किलोमीटरभराच्या आतल्या घरगुती विहिरींत मिथेनचे सरासरी प्रमाण इतर विहिरींच्या 17 पट होते. फ्रॅकिंगची रसायने मात्र त्यांना त्या पाण्यात सापडली नाहीत. उद्योग या दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवतो. पण दोष भेगांचा की सिमेंटचा, याने त्या घरातले पाणी सुधारत नाही. वायूविहीर खणली नसती तर दोन्ही झाले नसते.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की ईशान्य पेनसिल्व्हेनियात विहिरींच्या पाण्यात आधीपासूनच मिथेन असतो. हे खरे आहे आणि म्हणूनच खोदकामाआधीची तपासणी निर्णायक ठरते. ती नसेल तर प्रत्येक तक्रारीला ‘पाणी आधीच तसे होते’ हे एकच उत्तर पुरते. अमेरिकी संसदेने 2005 मध्ये डिझेलचा वापर वगळता फ्रॅकिंगला पेयजल सुरक्षा कायद्याच्या भूमिगत नियंत्रणातून मोकळे केल्यामुळे केंद्राकडून दबावही उरला नाही. संघीय पर्यावरण संस्थेच्या 2015 च्या मसुद्यात व्यापक दुष्परिणामांचा पुरावा नसल्याचे म्हटले होते. सल्लागार शास्त्रज्ञांनी त्यावर बोट ठेवल्यावर 2016 च्या अंतिम अहवालातून ते वाक्य गेले; देशभराचा अंदाज बांधण्याइतकी माहितीच नाही, असे त्यात मान्य करण्यात आले. जिथे मोजलेच नाही, तिथे पुरावा सापडणार कुठून?

पेनसिल्व्हेनियाने 2012 मध्ये योग्य दिशेने पाऊल टाकले. अशा वायूविहिरीपासून 2,500 फुटांच्या आत आणि खोदकामानंतर 12 महिन्यांत पाणी बिघडले, तर कंपनीच जबाबदार, असे कायदा गृहीत धरतो. आधीची तपासणी करून कंपनी ते खोडू शकते. वायूमुळे कोळसा कमी जळतो, बहुतेक विहिरींबाबत तक्रारही नाही, असे म्हणणाऱ्यांना तर ही अट मान्य व्हायला अडचण नसावी. लाखो डॉलरच्या विहिरीपुढे पाणी तपासण्याचा खर्च किरकोळ आहे. भारतातही 2018 च्या धोरणाने तेल-वायूच्या जुन्या करारक्षेत्रांत शेल वायू शोधायला परवानगी दिली आहे. आपल्याकडे कोट्यवधी लोक भूजलच पितात. त्यामुळे खोदकामाचा परवाना देण्यापूर्वी परिसरातील प्रत्येक विहिरीची तपासणी स्वतंत्र प्रयोगशाळेकडून व्हावी, तिचा अहवाल विहीरमालकाच्या हाती असावा आणि नंतर पाणी बिघडले तर निर्दोषत्व कंपनीने सिद्ध करावे.