सही करण्याआधी नागपूरचं बोला

स्तनातली कॅन्सरची गाठ लहान असतानाच सापडली, तर बहुतेक बायांना पूर्ण स्तन काढावा लागत नाही. नुसती गाठ काढायची आणि उरलेल्या स्तनाला रेडिएशन द्यायचं. जगण्याच्या हिशेबात दोन्ही वाटा सारख्या. इटलीत उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी रुग्णांचा वीस वर्षं माग ठेवून २००२ साली हे पक्कं केलं. पण भंडारा जिल्ह्यातल्या बाईपुढे हा प्रश्न येतो, तेव्हा गाठीपेक्षा नागपूरचं अंतरच जास्त मोजलं जातं.

रेडिएशनचे किरण काही मिनिटांचेच, पण आठवड्यातले पाच दिवस रोज. त्यासाठी नागपूरचं तुकडोजी कॅन्सर रुग्णालय नाहीतर जामठ्याचं कॅन्सर रुग्णालय गाठायचं. भंडाऱ्याहून साठेक किलोमीटर. साकोली, लाखांदूरकडून शंभराच्या घरात. त्यात धानाची रोवणी लागली की सोबत जाणार कोण? छातीवर मार्करने काढलेल्या खुणा उपचार संपेपर्यंत पुसू द्यायच्या नसतात, आणि बांधीत उतरलेली बाई दिवसभर चिखलपाण्यात. मग घरातलं कोणी म्हणतं, पूर्णच काढून टाका, खेटे वाचतील. किंवा टाके सुकल्यावर, गाठ निघाली ना, आता शेक (रेडिएशन) कशाला?

दोन्ही बोलण्यांत धोका आहे. स्तन काढला तरी काखेतल्या गाठींत आजार पसरलेला निघाला, तर पुष्कळदा रेडिएशन घ्यावंच लागतं; खेटे वाचत नाहीत. आणि नुसती गाठ काढून थांबलं, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी मागे राहू शकतात. १७ अभ्यासांतल्या १०,८०१ स्त्रियांची माहिती २०११ साली एकत्र मांडली गेली. दहा वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण रेडिएशनशिवाय ३५ टक्के होतं, रेडिएशन घेतलेल्यांत १९ टक्के. पंधरा वर्षांत या आजाराने होणारे मृत्यूही २५ टक्क्यांवरून २१ वर आले.

रेडिएशन टाळता येईल अशाही काही जणी आहेत, हेही तितकंच स्पष्ट सांगायला हवं. वय ६५ च्या पुढे, गाठ ३ सेंटिमीटरपर्यंत, काख स्वच्छ, रिपोर्टमध्ये हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह आणि पाच वर्षं रोज हार्मोनविरोधी गोळी घ्यायची तयारी. अशा स्त्रियांचा दहा वर्षांचा अभ्यास २०२३ साली आला. रेडिएशन न घेतलेल्या शंभरातल्या नऊ-दहा जणींना त्याच स्तनात आजार परतला, घेतलेल्यांत साधारण एकीला. एकूण मृत्यूंत मात्र फरक नव्हता. हे ऐकून आजीबाई 'मला नको' म्हणाल्या, तर तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. चाळिशीतल्या बाईला मात्र ही सूट लागू नाही.

पूर्वी पाच-पाच आठवडे चालणारा हा उपचार आता बऱ्याच जणींसाठी तीन आठवड्यांत, १५ वेळांत होतो. ब्रिटनच्या २०२० सालच्या अभ्यासानंतर काहींना तो एकाच आठवड्यात, पाच वेळांतही देता येतो. किती दिवस लागतील हे गावात कोणी सांगतच नाही, म्हणून बाई आधीच हात टेकते.

ऑपरेशनच्या कागदावर सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा: फक्त गाठ काढून भागेल का? मला रेडिएशन लागेलच का? किती दिवस? आणि उत्तर ऐकायला त्या बाईलाच समोर बसवा, डॉक्टरांनीही नवऱ्याला नि मुलाला बाहेर गाठून परस्पर ठरवू नये. उपचाराचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो. सोबत्याची बुडालेली मजुरी बसत नाही. जिल्हा परिषदेने आणि लोकप्रतिनिधींनी नागपुरात भंडाऱ्याच्या रुग्ण बायांसाठी राहण्या-जेवणाची सोय करावी. तीन आठवड्यांच्या मुक्कामाची सोय नाही म्हणून एकाही बाईचा स्तन काढला जाता कामा नये.