सोलापूरचा मोबाइल ३१ जुलै १९९५ रोजी जन्मला नाही

१/ दरवर्षी ३१ जुलैला एकच मजकूर फिरतो: १९९५ मध्ये याच दिवशी ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत मंत्री सुखराम यांना फोन केला आणि भारतात मोबाइलयुग अवतरले. घटना खरी आहे. निष्कर्ष चुकीचा आहे.

२/ तेव्हा परवाने होते फक्त चार महानगरांचे. मुंबई स्वतंत्र, सोलापूर उर्वरित महाराष्ट्र व गोव्याच्या परिमंडळात. या परिमंडळाचे परवाने डिसेंबर १९९५ मध्ये दिले गेले. म्हणजे त्या ‘ऐतिहासिक’ दिवशी सोलापुरात सेवा देण्याचा अधिकार कोणत्याही कंपनीकडे नव्हता.

३/ दुसरा भ्रम असा की यंत्र लहान झाले म्हणून मोबाइल घरोघरी पोहोचला. १७ जून १९४६ रोजी अमेरिकेतील सेंट लुइस शहरात मोटारीतला टेलिफोन सुरू झाला. यंत्र सुमारे ३६ किलोंचे. पण खरी अडचण वजनाची नव्हती. अख्ख्या शहराला मोजक्याच रेडिओ वाहिन्या होत्या. त्या व्यापल्या की इतरांनी ताटकळत बसायचे.

४/ शहराचे लहान भाग पाडून तीच वाहिनी दूरच्या भागात पुन्हा वापरावी, हा उपाय बेल प्रयोगशाळेत १९४७ मध्येच कागदावर उतरला होता. तरी अमेरिकेत व्यापारी सेवा सुरू व्हायला १९८३ उजाडले. लहरींच्या वाटपाचा निर्णय सरकारदरबारी रेंगाळत राहिला, हे त्याचे एक मोठे कारण.

५/ भारतातही कोंडी यंत्राची नव्हती. आरंभी दर मिनिटाला १६ रुपयांपर्यंत होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. सोलापूरच्या यंत्रमाग कामगाराला वा विडी वळणाऱ्या स्त्रीला हा दर परवडणे अशक्य होते. त्यांचा टेलिफोन म्हणजे नाक्यावरचा एसटीडी बूथ.

६/ कोंडी फोडली धोरणांनी. १९९९ मध्ये ठरावीक परवाना शुल्काच्या जागी महसुलातील वाटा आला. १ मे २००३ पासून येणारे फोन निःशुल्क झाले. तरीही सोलापूरचा व्यापारी विजापूर वा गुलबर्ग्याला गेला की परिमंडळ बदले आणि रोमिंगचा भुर्दंड बसे. बाजारपेठ एक, पण परवान्याच्या नकाशावर दोन.

७/ म्हणून ‘पहिला फोन कोणी केला?’ हा प्रश्न अपुरा आहे. तो फोन कोणाला परवडत होता, कोणत्या शहरात आणि कोणत्या कायद्याखाली, हे विचारल्याशिवाय जिल्ह्याचा इतिहास लिहिता येणार नाही. त्याची साधने घराघरांत आहेत: जुनी बिले, सिमकार्डांची पाकिटे, बूथच्या पाट्या. ती रद्दीत जाण्यापूर्वी जपली नाहीत, तर सोलापूरच्या नावावर कोलकात्याचीच तारीख राहील.