चाकोरीबाहेर

रविवारी संध्याकाळी बंगळुरूतल्या बेळ्ळंदूरच्या सोसायट्यांत फोर बाय फोर गाड्या परततात, तेव्हा त्यांच्या दारांपर्यंत तांबडा चिखल असतो आणि बंपरमध्ये मुळासकट उपटलेलं गवत अडकलेलं असतं. हा चिखल लगेच धुवायचा नसतो. सोमवारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये तो चारचौघांना दिसला पाहिजे. आमच्या शेजाऱ्यांची थार बुधवारपर्यंत तशीच मिरवते. (नाशिकच्या कारखान्यात तयार होते म्हणून मराठी माणसाला तिचं जरा जास्तच कौतुक. मलाही आहे.)

बेळ्ळंदूरकराला अशी गाडी लागतेच म्हणा. २०२२च्या सप्टेंबरात रिंग रोड पाण्याखाली गेला तेव्हा आयटीतली मंडळी ट्रॅक्टरवर बसून कामाला गेली होती. पण गाडी घेतली जाते ती नंदी हिल्सच्या आसपासच्या डोंगरांसाठी, नाहीतर लांब आंध्रातल्या गंडीकोट्याच्या दरीसाठी. जाहिराती सांगतात, चाकोरीबाहेर पडा.

चाकोरी म्हणजे बैलगाडीच्या चाकांनी पाडलेली खाच. गाडीवान ती सोडत नसे, कारण दोन्ही बाजूंचं गवत त्याच्याच बैलांच्या तोंडी जायचं. शंभर गाड्या गेल्या तरी गायरानावर रेघा दोनच. आमच्या हौशी मंडळींना मात्र आधीच्याची वाट धरणं कमीपणाचं वाटतं. एक गाडी रुतली की दुसरी तिच्या शेजारून, तिसरी आणखी पलीकडून. उतारावर बघता बघता सहा-सात चर पडतात. पहिल्या वळवाचं पाणी त्यांतूनच धावतं, दोन पावसाळ्यांत घळ होते आणि डोंगराची माती खालच्या तळ्यात जाऊन बसते.

इकडे गायरानाला गोमाळ म्हणतात. राखीव जंगलात वनरक्षक निदान हटकतो तरी. गोमाळ म्हणजे तहसीलदाराच्या दप्तरातला एक सर्व्हे नंबर. तिथे शेळ्या चारणाऱ्या म्हातारीला विचारावं, हे कुणाच्या मनातही येत नाही.

या हौशीचं पंढरपूर अमेरिकेत आहे, युटामधलं मोआब. तिथल्या लाल दगडांच्या दऱ्याही बहुतेक सरकारीच. सरकारी जमिनीवर मोटार कुठे चालेल आणि कुठे नाही, हे खात्यांनी ठरवून जाहीर करावं, असा आदेश अध्यक्ष निक्सन यांनी १९७२ साली काढला. मोआबच्या वाळूवर शेवाळं-दगडफुलांसारख्या जिवांनी विणलेला काळसर, खरखरीत पापुद्रा असतो. वाळू त्यानेच धरून ठेवलेली. चाकाखाली एकदा चुरला की भरून यायला दशकं जातात. म्हणून वाटा नकाशावर आखलेल्या. २०२३ साली त्यांतल्या ३१७ मैलांच्या वाटा मोटारींना बंद केल्या, तेव्हा तिथले हौशी खवळले आणि कोर्टात गेले. जाऊ देत. भांडायला त्यांच्याजवळ नकाशा तरी आहे.

आपल्याकडे तालुक्यातल्या चार जुन्या गाडीवाटा आखून द्यायला काय हरकत आहे? पावती फाडा, पैसे पंचायतीला द्या, पावसाळ्यात फाटक लावा. ही मागणी खरं तर गाडीवाल्यांनीच करायला हवी. पण डोंगर फुकटात मिळत असताना पावती मागतो कोण?

गंडीकोट्याची दरी कोरणारी पेन्ना, म्हणजे उत्तर पिनाकिनी, नंदीच्याच परिसरात उगम पावते. दक्षिण पिनाकिनीही तिथलीच आणि बेळ्ळंदूर तळ्याचं पाणी वर्तूर तळ्यातून तिलाच जाऊन मिळतं. २०२४च्या टंचाईत पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजार रुपये दंड होता, त्यामुळे थार तेव्हा महिनाभर चिखलातच राहिली. आता गुरुवारी सकाळी पोरगा पाइप घेऊन येतो. चाकांच्या खाचांतले गोळे काडीने उकरून काढतो, मग पाणी सोडतो. तांबडा ओघळ फरशीवरून जाळीकडे जातो. जाळीखाली गटार, पुढे बेळ्ळंदूरचं तळं. तिथला गाळ उपसायचं काम वर्षानुवर्षं चाललं आहे.