अलोरे पोफळीवर अवलंबून, तसा डोंगल कर्नलवर

मंडळी, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शाळांत, ग्रामपंचायतींत जे जुने पीसी आहेत त्यांना विंडोज ११ चालायला टीपीएम २.० लागतं, आणि जुन्या मशीनमध्ये ते बहुधा नसतं. मग कोणीतरी सुचवतं, लिनक्स टाका, फुकट आहे. टाकतात, चालूही होतं. पण वायफायचा डोंगल काही दिसत नाही! लगेच निकाल: "आपल्याकडे लिनक्स चालत नाही." मशीनवर प्लास्टिकचं कव्हर पडतं ते पडतंच.

हा निकाल मला मान्य नाही. यात दोष लिनक्सचाही नाही नि गुरुजींचाही नाही. बहुतेक वेळा खरेदीचा असतो.

आपल्याला हे समजायला सोपं आहे. शिवसागराचं पाणी बोगद्यातून पोफळीच्या भूमिगत वीजघरात येतं, तिथून सुटलेलं कोळकेवाडी धरणात साठतं आणि त्यावर अलोऱ्याचा तिसरा टप्पा चालतो. अलोऱ्याची ३२० मेगावॅटची यंत्रं कितीही ठणठणीत असोत, वरून पाणीच आलं नाही तर नुसती उभी.

लिनक्सच्या कर्नलमध्ये ड्रायव्हरांचं असंच आहे. केकॉन्फिग नावाच्या फायलींत प्रत्येक ड्रायव्हर कशावर अवलंबून आहे ते 'डिपेंड्स ऑन' म्हणून लिहिलेलं असतं. रियलटेकची चिप असलेल्या कितीतरी स्वस्त यूएसबी डोंगलना लागणारा आरटीएल८एक्सएक्सएक्सयू घ्या. त्याला यूएसबी हवं, आणि एमएसी८०२११ हा वायरलेसचा थर हवा. कर्नल तयार करताना यातलं एक जरी बंद ठेवलं, तर ड्रायव्हरचं नाव मेनूतून गुपचूप जातं. एररसुद्धा येत नाही. बघणाऱ्याला वाटतं, ड्रायव्हर नाहीच!

'सिलेक्ट' म्हणून दुसरी सोय आहे. एक चालू केलं की दुसरं जबरदस्तीने चालू. पण त्या दुसऱ्याला स्वतःला काय लागतं हे 'सिलेक्ट' बघत नाही, म्हणून कर्नलच्या कागदपत्रांतच ते जपून वापरा असं बजावलंय. बोगद्यात पाणी आहे की नाही न बघता जनित्राला 'फीर' म्हणण्यातला प्रकार.

तरीही ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये असेल तर हे सगळं निस्तरता येतं. खरी पंचाईत कंपनी सीडीवर देते त्या बाहेरच्या ड्रायव्हरची. कर्नलची आतली मांडणी सतत बदलते. ती बदलणारे लोक मूळ कोडमधले ड्रायव्हर सोबतच दुरुस्त करतात, बाहेरच्याकडे कोण बघणार? पुढच्या अपडेटला डोंगल मुका.

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीला आणि ग्रामपंचायतीला माझं म्हणणं: कोटेशन मागवताना एक ओळ घाला. 'उपकरणाचा ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये असावा, आणि विक्रेत्याने ते आमच्यासमोर चालवून दाखवावे.' पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून डोंगल लावायचा, पाच-दहा मिनिटांचं काम. चिपळूणचा दुकानदार म्हणेल, असं कोणी विचारत नाही. बरोबर आहे, अजून कोणी विचारलं नसेल. पैसे सरकारी आहेत, म्हणजे आपलेच. विचारायला काय हरकत?

पुढच्या ग्रामसभेसाठी मी हा विषय लेखी देतोय. ज्यांना सही करायची असेल त्यांनी खाली नाव टाका. आणि शाळेत कव्हर घालून ठेवलेलं मशीन असेल तर डोंगलवर छापलेला मॉडेल नंबर कळवा, त्याचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये आहे का ते बघून सांगतो.