गोरा आणि गोमटा

विद्यार्थ्यांच्या दप्तरात बहुधा दोन प्रकारच्या वह्या असतात : एक ‘रफ’ आणि दुसरी ‘फेअर’. जिच्यात खोडाखोड नाही, शाईचा डाग नाही, ती फेअर वही. खेळात कोणी लबाडी केली की हीच मुले ‘हे फेअर नाही!’ म्हणून ओरडतात. तेथे त्या शब्दाचा अर्थ ‘न्याय्य’ असा होतो. (जत्रेला म्हणतात तो ‘फेअर’ मात्र निराळा. तो लॅटिन भाषेतील सणवाचक शब्दापासून आला. उच्चार एक, कूळ वेगळे.)

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ सुंदर, मनोहर एवढाच होता. पुढे इ. स. १२०० च्या सुमारास तो उजळ कांतीच्या व पिंगट केसांच्या माणसांना लावला जाऊ लागला. त्या समाजाला उजळ वर्ण आवडत असे, म्हणून जे उजळ तेच सुंदर, असे शब्दानेही मानले. आज एखाद्या व्यक्तीला ‘फेअर’ म्हटले, तर ती गोरी आहे एवढेच बहुधा कळते. तिच्या सौंदर्याविषयी तो शब्द काहीच सांगत नाही.

यावरून इंग्रजांना हसण्याचे कारण नाही. मराठीत ‘गोमटा’ हा जुना, गोड शब्द आहे. सुंदर, चांगला, हा त्याचा अर्थ. संतांच्या वाङ्मयात तो मोकळेपणाने वावरतो आणि वर्णाशी त्याचे काही नाते नाही. आता मात्र तो ‘गोरागोमटा’ या जोडशब्दाबाहेर क्वचितच भेटतो. एका चांगल्या शब्दाची ही परवडच होय! विवाहाच्या जाहिरातींत तर गोमटेपणही गळाले आणि ‘गोरी’ तेवढी उरली. १९७५ साली बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध मलमाच्या नावात ‘फेअर’ हा शब्द होता. २०२० साली तो वगळण्यात आला. नाव पालटले, पण आवड तेवढ्याने पालटते असे नाही.

वस्तुतः सुरेख, देखणा, सुबक या शब्दांत रंगाचा मागमूसही नाही. ‘सुरेख’ मध्ये रेषा आहे, ‘देखणा’ मध्ये पाहणाऱ्याचा डोळा आहे. विठ्ठलाला तर भक्त प्रेमाने ‘सावळा’ म्हणतात.

नाशिककरांना हे वेगळे सांगावयास नको. गोदाकाठी गोराराम आहे आणि पंचवटीत काळाराम. काळारामाची मूर्ती काळ्या पाषाणाची, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सरदार रंगराव ओढेकर यांनी बांधविलेले मंदिरही काळ्याच पाषाणाचे. तरी गोराराम अधिक सुंदर, असे म्हणणारा नाशिककर विरळाच. गर्दी लोटते ती काळारामाकडे.

परंतु याच मंदिराच्या दारी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानलेल्या हजारो लोकांनी सत्याग्रह आरंभिला. देवाचा काळा वर्ण कोणाच्या भक्तीच्या आड आला नव्हता. दाराबाहेरच्या माणसांचा जन्म मात्र आड आला. खेळातली मुले ‘फेअर’ म्हणून जे मागतात, तेच ही माणसे मागत होती. दारे त्या दिवशी उघडली नाहीत आणि सत्याग्रह पुढे काही वर्षे चालू राहिला.