बी विकून किती सुटतात?



मागच्या पंधरवड्यात वावरात शेतीशाळा झाली. नवीन आलेलं एक कृषी खात्यातलं पोरगं, चांगलं हुशार, माझे डोंगळ्याचे फोटो बघून म्हणालं, "काका, या तीन गुंठ्यांत बी विकून किती सुटतात?" मी म्हणलं, धरून चालू शून्य. तर ते म्हणालं, "मग करता कशाला?"

उत्तर तिथं सुचलं नाही. चहा पिऊन सगळे गेले. ते उत्तर आज लिहितोय.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. एकोणीस वर्षं झाली, मी गावरान कांद्याचं बी घरचं धरतो. उन्हाळ्यात चाळीत भरलेला कांदा ऑक्टोबरपर्यंत जो टिकला, त्यातूनच गोट निवडायचा. सडका, काजळी धरलेला, कोंब आलेला आपोआप बाद. राहिलेल्यात मान बारीक, आकार मध्यम, पापुद्रा घट्ट एवढं बघतो. मग वरचा तिसरा हिस्सा कापायचा. आत एकच डोळा दिसला तर लावायचा, दोन दिसले की जोड निघणार, तो भाजीला. शंभर कांद्यांतले वीस-बावीस हाताला लागतात. हंगामात दीड किलोमीटरच्या आत कुणी दुसऱ्या जातीचे डोंगळे लावले का, ते आधी फिरून बघतो. गोंडे फुलले की आजूबाजूच्यांना हात जोडतो, बाबांनो सकाळची फवारणी टाळा, मधमाश्या मरतील. सुरवातीला माझा कांदा दसऱ्यालाच कोंब काढायचा. आता दिवाळी ओलांडून बराचसा जागेवर राहतो. एवढंच माझं संशोधन, दहावी पास माणसाचं.

आता पैशाचं. २०२० ला कांदा बियाण्याची टंचाई झाली होती, आठवतंय ना? माझ्याकडं चौदा किलो बी होतं. एक जण गाडी घेऊन दारात आला, किलोला साडेतीन हजार, सगळं रोख. त्यावर्षी पोरीची कॉलेजची फी राहिली होती आणि सोसायटीचं कर्ज होतंच. दरवर्षी माझं बी नेणारी सात घरं आहेत, त्यांना मी आठशे रुपयानं द्यायचो. रात्रभर झोप नाही. सकाळी सहा किलो त्या माणसाला दिलं, फी भरली. राहिलेलं आठ किलो सात घरांना, आठशेनंच. थोरला पोरगा दोन दिवस बोलला नाही. येडेपणा म्हणला. त्याचंही चुकीचं नव्हतं, आठ किलोचा हिशोब त्यालाही येतो.

मी साधू नाही, हे सांगायला ही गोष्ट सांगितली. सहा किलो विकलं ते बरंच केलं. कर्ज थकलेल्या माणसापुढं समाधानाच्या गोष्टी करू नयेत. डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी झाली, त्यानंतर लाल कांद्याचं काय झालं ते आपल्या घोडेगावच्या मार्केटात गोण्या घेऊन उभं राहिलेल्यांना विचारा. त्या दिवशी कुणी मला म्हणलं असतं की पैसाच सगळं नसतो, तर मी त्याला गोणीवर बसवून हमाली-तोलाईची पट्टी वाचायला लावली असती.

पण दुसरी बाजू पण बघितलीय. माझ्या एका दोस्ताची जमीन रोडला लागून होती. प्लॉटिंगला दिली, पैसा चांगला आला, बंगला झाला, गाडी झाली. दोन वर्षं भारी गेली. आता जानेवारी-फेब्रुवारीत सकाळी माझ्या डोंगळ्यात येऊन बसतो. म्हणतो, घरी करायला काही नाही. मी त्याला मधमाश्या बघायचं काम दिलंय, कोणत्या कोपऱ्यात कमी येतात ते सांगतो. बिनपगारी. तरी येतो.

आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे बघा. शाळेची पायरी चढल्या नाहीत. घरात गावरान बियाणं जपत राहिल्या, पुढं बायफ संस्थेची साथ मिळाली, बियाणं बँक उभी राहिली, २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. पण पद्मश्रीसाठी कुणी वालाच्या शेंगा वाळवत बसत नाही. त्या आधीपासून वाळवत होत्या. बी न्यायचं आणि पिकल्यावर दुप्पट परत आणायचं, ही त्यांची पद्धत मला सगळ्यात आवडली. फुकट वाटलं की त्याची किंमत राहत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे आठवले की मात्र राग येतो. १९८३ ला भाताच्या वावरात तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं निवड केली. त्यातून एचएमटी तांदूळ झाला. नाव पडलं त्या वेळच्या घड्याळावरून. भात राज्याबाहेर गेला, लोकांनी कमावलं, आणि २०१८ ला दादाजी गेले तोवर त्यांचं घर काही सावरलं नव्हतं. त्यांना कामाचं वेड होतं म्हणून मोबदला नको होता, असं थोडंच आहे? आपल्याकडं वेड असलेल्या माणसाला हार घालतात आणि हिशोब मिटवल्यासारखं घरी पाठवतात.

म्हणून मी दोन गोष्टी बदलल्या. बी आता खर्च अधिक मजुरी धरून देतो, आठशेनं नाही. माझी मजुरी पण धरतो, बायकोची पण. गोंडे चोळून, उफणून बी काढायचं काम तीच करते आणि एकोणीस वर्षांत ते कुणी मोजलं नव्हतं, मी सुद्धा नाही. दुसरी अट, बी नेणाऱ्यानं पुढच्या ऑक्टोबरात त्याच्या चाळीत टिकलेले सगळ्यात चांगले दहा कांदे आणून द्यायचे. सात घरांचे सत्तर कांदे माझ्या गोटात मिसळतात. वेगवेगळ्या जमिनीत, वेगवेगळ्या चाळीत टिकलेले. एकट्याच्या वावरात निवड करत राहिलं तर कांद्याचा जोम कमी होतो, हे कृषीवाले मला दुजोरा देतील. चुकत असेल तर कमेंटमध्ये सांगा, राग येणार नाही.

तर त्या पोराला उत्तर. भाव पडला तेव्हा मी कपाशीकडं वळलो, उसाकडं वळलो, एकदा कांदा लावलाच नाही. गोट मात्र एकाही वर्षी चुकवला नाही. आई वारली त्या वर्षी सुद्धा दहाव्यानंतर येऊन लावला. का, ते मला तेव्हाही कुणी विचारलं नाही आणि मी पण नाही विचारलं. सकाळी डोळा उघडला की पाय आपोआप तिकडं वळतात. दुसऱ्या कुठल्या वावराकडं तसे वळत नाहीत. तुमचे कुठं वळतात ते तुम्ही बघा.

येत्या सोमवारपासून चाळ फोडून गोट निवडायला घेतोय. कुणाला बघायचं असेल तर सकाळी आठच्या आत या. येताना चाकू आणा, माझ्याकडं दोनच आहेत.