कशावरून? : निबंधांतील पुराव्याचें स्थान

मतप्रतिपादनाचा निबंध लिहितांना पुष्कळ विद्यार्थी विशेषणांची आरास मांडतात. ‘हें तर सर्वमान्यच आहे’, ‘याविषयीं दुमत नाहीं’ अशीं वाक्यें पेरलीं कीं मत सिद्ध झालें, असें त्यांस वाटतें. परंतु ज्याचें मत निराळें आहे अशा वाचकाचा प्रश्न एकच असतो : ‘कशावरून?’ त्यास उत्तर नसेल, तर सारी आरास व्यर्थ होय.

या बाबतींत नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्रांतील दोन प्रसंग ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत. १८९७ सालीं ते विलायतेंत असतां, पुण्यांतील प्लेगच्या बंदोबस्तांत सैनिकांनीं अत्याचार केल्याचीं पत्रें त्यांस येथून गेलीं. त्यांवर विश्वासून त्यांनीं ती हकीकत तेथील एका वर्तमानपत्रांत प्रसिद्ध केली. स्वदेशीं परतल्यावर त्यांजकडे पुरावा मागण्यांत आला. तो उभा करणें शक्य झालें नाहीं आणि त्यांस जाहीर माफी मागावी लागली. त्या दिवसांत लोकांचे हाल झाले, हें खोटें नव्हतें; पण पुराव्यावांचून खरें दुःखहि मुकें राहतें.

पांच वर्षांनीं, २६ मार्च १९०२ रोजीं, ते कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळांत अंदाजपत्रकावर बोलले. खजिन्यांतील शिल्लक हें रयतेच्या भरभराटीचें लक्षण नव्हे, तर चढे कर कायम ठेविल्याचें व रुपयाचा भाव वाढल्याचें फळ आहे, असें त्यांनीं सरकारच्याच आंकड्यांवरून दाखविलें. या तयारींत त्यांस गणेश व्यंकटेश जोशी यांचें साह्य होतें. सोलापूरच्या हायस्कुलाचें हेडमास्तरपद भूषविलेल्या या गृहस्थांनीं सरकारी अहवालांचा अनेक वर्षें व्यासंग केला होता. मिठावरील कर त्या वेळीं मणास अडीच रुपये होता. तो १९०३ सालीं दोन रुपयांवर आणि १९०७ पर्यंत एका रुपयावर आला. हें सर्व एका भाषणानें घडलें असें म्हणणें पुन्हा पुराव्यावांचूनचें होईल. मात्र त्या भाषणांतील आंकडे कोणास हंसण्यावारी नेतां आले नाहींत, हें निश्चित.

यावरून निबंधलेखकानें तीन गोष्टी शिकाव्या. ऐकीव हकीकत दुसऱ्या साधनाशीं ताडून पाहावी. प्रतिपक्षासहि मान्य असलेल्या साधनांतून पुरावा घ्यावा, कारण तो त्यास नाकारतां येत नाहीं. आणि एखादी गोष्ट आपल्या मताविरुद्ध जात असेल, तर ती झांकूं नये. तिचा विचार करून मगच निष्कर्ष काढावा.

पालकांसहि एक विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी घरीं ‘कशावरून?’ असें विचारूं लागली, तर तो उद्धटपणा मानूं नये; शक्य तर तिच्यासह उत्तर शोधावें. विद्यार्थ्यांनीं मात्र हा प्रश्न दुसऱ्यास विचारण्यापूर्वीं स्वतःच्या प्रत्येक वाक्यास विचारावा.